दोन पार्कं आणि एक आकाशपाळणा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. मुलगी नव्या पार्कच्या बाजूची आणि माझे सासरे जुन्या पार्कच्या. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. गंमत अशी की आबांनी तोवर जुनं पार्क पाहिलेलंही नव्हतं. नव्यावर राग धरला म्हणून ते जुन्याचे झाले होते.

आम्ही कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो. नवऱ्याची इथे बदली झाली तेव्हा मुलगी लहान होती, आता अकरा वर्षांची आहे. बाहेर ती बंगाली अशी बोलते की दुकानदाराला शंका येत नाही. घरात मराठी बोलते, पण पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी, अंग चोरून. 'भीती वाटते' असं तिच्या तोंडून येत नाही, 'भय लागतं' येतं. सासूबाई गेल्यावर आबा सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे आले. त्यांना मराठीखेरीज फक्त बाजारापुरती हिंदी येते. आजोबा आणि नात एकाच घरात राहत होते, भांडत नव्हते, पण दोघांचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' यापुढे जात नव्हतं.

मुलीच्या वाढदिवसाला आम्ही नव्या पार्कमध्ये गेलो होतो. शहराच्या दक्षिणेला, हायवेवर, दोन वर्षांपूर्वी उघडलेलं. दारात किल्ल्यासारखी कमान, मनगटाला पट्टी, ती यंत्रासमोर धरली की दार उघडतं. पाण्याच्या उंच घसरगुंड्या, बर्फाची खोली, मान हलवणारे डायनोसॉर. स्वच्छतागृहं इतकी स्वच्छ की मी फोटो काढून बहिणीला पाठवला. कामाला असलेली सगळी पोरंपोरी एकाच रंगाच्या टी-शर्टात, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू. मुलगी सकाळी आत शिरली ती संध्याकाळी ओढूनच बाहेर काढावी लागली.

आबांना मात्र प्रत्येक खेळाच्या दारात कुणीतरी अदबीनं थांबवलं. वयाची पाटी दाखवली आणि 'सॉरी सर' म्हटलं. नुसत्या गोल फिरणाऱ्या कपबशीतसुद्धा त्यांना बसू दिलं नाही. मग ते दिवसभर एका खोट्या खडकाशेजारच्या बाकावर आमच्या पिशव्या घेऊन बसले. त्या खडकात स्पीकर होता आणि त्यातून एकच धून वाजत होती. येताना गाडीत मुलगी बर्फाच्या खोलीचं सांगत होती. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "स्वच्छता चांगली ठेवलीय." आणि बऱ्याच वेळानं, "मला सामान राखायला नेलं होतं तिथं."



तेव्हापासून वाद सुरू झाला. जुनं पार्क उत्तरेच्या टोकाला, डमडमच्याही पुढे. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी सांगितलं होतं की तिथे मोठी झाडं आहेत, तळ्यात बोटी आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांना कुणी अडवत नाही. मुलगी म्हणायची, "तिथे सगळं गंजलेलं आहे. माझ्या वर्गातला कुणी जात नाही." आबा पेपर खाली न करता म्हणायचे, "गंजलेलं असू दे. बसू तर देतात ना?" हळूहळू ते दोघं त्याच एका विषयावर बोलायला लागले. मला ते भांडणही बरं वाटत होतं.

शेवटी बंगाली नववर्षाच्या आसपासच्या एका सुट्टीच्या दिवशी मी दोघांना घेऊन निघाले. नवरा खरगपूरकडे लाइनवर कामाला गेला होता. जाताना म्हणाला होता, "सकाळीच जाऊन या. या दिवसांत दुपारनंतर आभाळाचा भरवसा नसतो." पण सकाळी माझ्या ऑफिसची मीटिंग निघाली. मीटिंग, जेवण, आबांची डुलकी असं करत मेट्रोनं डमडमला आणि तिथून ऑटोनं पार्कात पोचेपर्यंत दुपार कलली होती. ऊन इतकं चढलं होतं की ऑटोच्या दांडीला हात लावता येत नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

जुनं पार्क मुलगी म्हणाली तसंच होतं. रंग उडालेला हत्ती, दोरी बांधून बंद केलेला एक झोका, लांबूनच वास देणारी स्वच्छतागृहं. मी आत शिरल्या शिरल्या नट-बोल्ट बघायला लागले, आणि काही ठिकाणी तांबूस गंज ओघळलेला दिसला. पण तिकीट फाडणाऱ्या माणसानं आबांकडे बघून "आशुन दादू, आशुन" म्हटलं. 'आशुन' म्हणजे या, 'दादू' म्हणजे आजोबा, एवढं बंगाली आबांना कळलं. ते तिथेच खुलले. छोट्या आगगाडीत पहिल्या डब्यात बसले. तळ्यात पायानं चालवायची बोट त्यांनी नातीबरोबर चालवली आणि किनाऱ्यावर येताना दोघंही धापा टाकत हसत होते. मुलीनं सुरुवातीला ओठ काढले होते, पण झालमुडीचा, म्हणजे तिथल्या भेळेचा, कागद हातात आल्यावर तीही नव्या पार्कचं नाव काढेनाशी झाली.

मग आबांनी आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं.

जुना, उंच पाळणा. पाळण्याच्या टोपल्या उघड्या, वर नुसती पत्र्याची छत्री, मध्ये धरायला गोल दांडी. मला नको वाटत होतं. मी म्हटलं, "आबा, आता उशीर झालाय, परत फिरू या." त्यांनी खांद्यावरची पिशवी माझ्याकडे दिली. "आज सामान तू राख," म्हणाले, आणि नातीचा हात धरून चढले.

पाळणा दोनतीनदा फिरला. वरून मुलीनं मला हात केला. मी हात वर केला तेव्हा तिच्या मागचं आभाळ दिसलं. वायव्येकडून शाईसारखा काळा पट्टा चढत होता. घारी खाली उतरल्या होत्या. आणि दिवसभर निपचित पडलेली झाडं एकदम एका बाजूला वाकली.

कोलकात्यात राहणाऱ्याला त्याचं नाव सांगावं लागत नाही. कालबैशाखी म्हणजे चैत्र-वैशाखातलं संध्याकाळचं वादळ. येतं तेव्हा विचार करायला वेळ देत नाही. पाळणेवाल्यांनाही ते दिसलं होतं. त्यांनी पाळणा थांबवून एकेक टोपली रिकामी करायला घेतली होती. चारपाच टोपल्यांतली माणसं उतरलीसुद्धा. तेवढ्यात तळ्याच्या बाजूला काहीतरी कडाडलं, एक मोठी फांदी तारांवर पडली आणि सगळ्या पार्कातले दिवे, गाणी, पंखे एकदम गप्प झाले. पाळणा जागच्या जागी थांबला. आबा आणि मुलगी जवळजवळ टोकाला होते.

आधी धूळ आली. डोळे उघडता येईनात. त्या धुळीतून मला फक्त टोपल्या झुलताना दिसत होत्या आणि प्रत्येक झुलण्याबरोबर लोखंडाचा कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी कठड्याशी धावले. एक शिपाई सगळ्यांना मागे, शेडखाली ढकलत होता. मी हलले नाही. माझ्या शेजारी एक तरुण बंगाली बाई उभी होती. तिचा नवरा आणि मुलगा वर अडकले होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, नुसता माझा दंड धरला. मीही तिचा धरला.

पिशवीत फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"वादळ येतंय म्हणतात. कुठे आहात?"

"पार्कात. मी खाली आहे. आबा आणि ती वर आहेत."

"वर म्हणजे कुठे वर?"

मी 'पाळण्यात' म्हटलं की नाही मला आठवत नाही. फोन तुटला आणि मग लागलाच नाही.

पाऊस आला तो आडवाच आला, आणि त्यात गारा होत्या. वरच्या पत्र्याच्या छत्र्यांवर त्यांचा असा आवाज होत होता की मुलांचं रडणंही ऐकू येईना. तेव्हा पाळण्याच्या पायथ्याशी एक जाडसर माणूस हातात भोंगा घेऊन पुढे आला. एरवी तो दिवसभर 'या, बसा, मजा करा' असं ओरडत असणार. तो आता पावसात उभा राहून वर बघून बोलायला लागला. आधी बंगालीत, मग हिंदीत. घाबरू नका, बसून राहा, दाराला हात लावू नका, मधली दांडी धरा. लाइट गेली आहे, जनरेटर लावतोय. थोड्या वेळानं: जनरेटर सुरू होत नाहीये, दुसरा मेस्त्री बोलावलाय. पुन्हा थोड्या वेळानं: जनरेटर सुरू झाला, पण मोटरच्या पेटीत पाणी गेलंय, आम्ही दोर लावून हातानं फिरवणार आहोत, वारा जरा पडू दे.

मला त्याचा भयंकर राग येत होता. वाटत होतं, गप्प बैस ना! पेटीत पाणी गेलं हे वरच्या पोरांना कशाला सांगतोस? पण तो थांबला नाही. भोंग्याची बॅटरी संपली तेव्हा हाताचा द्रोण करून ओरडत राहिला.

गारा थांबल्या, वारा थोडा उतरला. दहाबारा माणसं जमली, दोर आले. मी त्या भोंगेवाल्याकडे गेले आणि हिंदीत म्हटलं, "वरून तिसरी टोपली. माझे सासरे सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना आधी काढा."

"दीदी, असं नाही होत. एका बाजूची माणसं उतरवली की पाळणा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. एक इकडची, एक समोरची, असंच उतरवावं लागतं."

"त्यांचं हृदय कमजोर आहे," मी म्हटलं. हे खोटं होतं. आबांना गुडघेदुखीखेरीज काही नाही.

"म्हणूनच सांभाळून काढतो," तो म्हणाला आणि वळला.

माणसं दोर ओढायला लागली. प्रत्येक ओढीला पाळणा थोडासा सरकायचा, पुन्हा थांबायचा. एक टोपली उतरली, मग समोरची. हळूहळू आमची टोपली खाली येऊ लागली. आता मला मुलीचा चेहरा दिसत होता. केस चिकटलेले, ओठ निळसर. ती रडत नव्हती. आबांच्या कानाशी तोंड नेऊन सारखं काहीतरी बोलत होती. आबा मान हलवत होते. ती इतकी जवळ आली की माझ्या हातात आणि तिच्या पायात एका मजल्याचं अंतर उरलं. मी हाक मारली. तिनं खाली बघितलं.

आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, दोर ओढणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय चिखलात घसरला, आणि पाळणा उलटा फिरला. ती टोपली माझ्या डोळ्यांसमोरून वर गेली. बघता बघता पार वर, झाडाच्या शेंड्याच्याही पलीकडे. कुणीतरी अडसर टाकला, सगळा सांगाडा हादरला आणि थांबला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा होता हे मला शेजारच्या बाईनं मला घट्ट धरलं तेव्हा कळलं.

त्या वेळी भोंगेवाला पहिल्यांदा गप्प झाला होता. तो चिखलात बसला होता; घसरलेल्यांत तोही होता. मग उठला आणि ओरडला, "चूक झाली. दोर निसटला. आता दुहेरी बांधतो. बसून राहा." त्याच्या आवाजात कंप होता, पण शब्द सगळे ऐकू येत होते.

दुसऱ्या वेळी त्यांनी इतक्या सावकाश ओढलं की तो वेळ मला अजूनही स्वप्नात संपत नाही. शेजारच्या बाईचा मुलगा आधी उतरला. ती त्याच्याकडे धावली आणि माझा दंड सुटला तेव्हा मला एकदम थंडी वाजली. मग आमची टोपली आली. दार उघडलं, पण दोघं उतरेनात. आबांचा एक हात दांडीवर होता आणि दुसरा मुलीच्या मनगटाभोवती, आणि त्यांना तो सोडताच येत नव्हता. बोटं आखडली होती. मुलीनं त्यांचं एकेक बोट उलगडलं. "सोड आबा, आता जमीन आहे," ती म्हणत होती. "जमीन आहे, बघ."

तिच्या मनगटावर चार लाल वळ उठले होते. खाली उतरल्यावर मात्र ती माझ्या कुशीत शिरली आणि "आई, मला खूप भय लागलं" म्हणून जी रडायला लागली ती ऑटोत बसेपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा घरी आला. त्यानं आधी दोघांना नीट बघितलं, मग चहाचा कप न उचलता बोलायला लागला. "असल्या पार्काला कुलूप लावलं पाहिजे. नव्यात हे झालं नसतं. तिथे वारा वाढला की यंत्र आपोआप बंद होतं, माणसं आधीच उतरवतात."

"नव्यात मला बसूच दिलं नसतं," आबा म्हणाले.

"तेच बरोबर आहे, आबा."

आबा उठले. चप्पल घालून खाली फिरायला गेले. गुडघे दुखत असूनही जिना उतरले. मला दोघांचाही राग आला, कारण दोघांचंही खरं होतं. नवऱ्याचं म्हणणं मी आजही खोडू शकत नाही. ज्या पाळण्याची मोटर पावसात भिजते त्यात माणसं बसवूच नयेत. मी त्या पार्कला रीतसर तक्रार लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं, पाळणा दुरुस्तीसाठी बंद केलाय म्हणून.

पण आबांनी दोन दिवसांनी मला जे सांगितलं तेही मला सोडत नाही. मुलगी शाळेत गेली होती, मी घरूनच काम करत होते. ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"वर असताना ती मला भोंग्यावरचं मराठीत सांगत होती," ते म्हणाले. "तो खाली म्हणाला जनरेटर चालत नाही. ही मला म्हणाली, 'आबा, पाच मिनिटांत चालू होतंय.' तो म्हणाला पेटीत पाणी गेलं. ही म्हणाली, 'ते आपल्यासाठी पाणी आणतायत.'" ते हसले, पण डोळे भरले होते. "हिंदीतसुद्धा सांगत होता तो. आणि जनरेटर हा शब्द मला कळत नाही असं वाटलं तिला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? 'बरं झालं' म्हणालो. दर वेळी 'बरं झालं' म्हणालो. ती सांगत होती तोवर ती रडत नव्हती. मला तेवढंच हवं होतं."

मी मुलीला हे कधी सांगितलं नाही. आबांनी सांगू नको म्हटलं.

त्यानंतर घरात त्या दोघांची वेगळीच कुजबुज सुरू झाली. ती त्यांना बंगाली शब्द शिकवायची आणि ते तिच्या मराठीतल्या चुका काढायचे. बाहेर ढग आले की मात्र दोघंही आपोआप खिडकीपासून आत सरकायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

दुर्गापूजेच्या सुट्टीत आमच्या मराठी मंडळाची सहल ठरली, आणि कुठल्या पार्कात जायचं हे मला विचारलं गेलं, कारण दोन्ही पाहिलेली मीच. मी म्हटलं, "लहान मुलं आहेत, नव्यात चला." मुलगी माझ्यावर चिडली. "जुन्यात निदान ते काका सगळं सांगत होते," ती म्हणाली. पाळण्याचं नाव काढलं तरी हात गार पडणाऱ्या पोरीनं हे म्हणावं याचं मला नवल वाटलं. आबांनी यायला नकार दिला.

नव्या पार्कातही एक आकाशपाळणा आहे, काचेच्या बंद खोल्यांचा. मंडळाची बाकीची मुलं पळत रांगेत उभी राहिली. आमची मुलगी माझा हात सोडून दारातल्या टी-शर्टवाल्या मुलीकडे गेली आणि बंगालीत विचारलं, "मधेच लाइट गेली तर तुम्ही काय करता?"

"आमच्याकडे जात नाही," ती मुलगी हसून म्हणाली.

"पण गेली तर? आत बसलेल्यांना कोण सांगतं?"

त्या मुलीनं मागे वळून कुणीतरी आहे का बघितलं, मग स्क्रीनकडे बोट दाखवलं. "तिथे सूचना येते."

आमची मुलगी त्या काळ्या स्क्रीनकडे थोडा वेळ बघत राहिली. मागची माणसं पुढे सरका म्हणायला लागली होती. ती रांगेतून बाहेर आली आणि माझ्याकडे येऊन मराठीत म्हणाली, "हिला माहीत नाही. आपण नको बसू या."

"बरं," मी म्हटलं. मग आम्ही पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेलो. तिथे मात्र तिला कशाचीच भीती वाटली नाही, आणि मी काठावर उभी राहून तिला दर वेळी वरून खाली येईपर्यंत बघत होते.